साडेचार हजार रुपये आणि अर्धा मिलिमीटर

विज्ञानपटांतल्या बाहुल्यांचा इतिहास चुकांनी भरलेला आहे आणि त्यातल्या काही चुका मला मनापासून आवडतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस डेपोल नावाच्या ब्रिटिश कंपनीने बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतली पात्रं प्लास्टिकमध्ये आणली. कंपनी खेळण्यातल्या आगगाड्या करणारी. मालिका १९६३पासूनची, आणि तिचे चाहते कोटाच्या गुंड्यांवरून वाद घालणारे. त्यांच्यापुढे डेपोलने डाव्हरॉस ठेवला, तो दोन हातांचा. डाव्हरॉस म्हणजे त्या मालिकेतला विद्रूप, चाकांच्या खुर्चीला जखडलेला शास्त्रज्ञ. पडद्यावर त्याचा एकच हात चालायचा, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. के-नाइन नावाचा यंत्रकुत्रा पडद्यावर राखाडी, दुकानात आला तो हिरवा. डॉक्टरच्या कालयानातलं यंत्रांचं टेबल सहा बाजूंचं, यांचं पाच बाजूंचं. डाव्हरॉसचा जास्तीचा हात कंपनीने पुढे काढून टाकला, पण व्हायची ती शोभा झालीच.

अशा चुकीला मी हसतो आणि सोडून देतो. कोणी नीट बघितलं नसेल, घाई असेल, माणसाच्या हातून होतं. मला राग आहे तो वेगळ्या चुकीचा. ती सगळं नीट बघून, कागदावर हिशोब मांडून केलेली असते, आणि तिच्या खोक्यावर ‘संग्राहकांसाठी’ असं झोकात छापलेलं असतं.

मी भोसरी एमआयडीसीत प्लास्टिकचे मोल्ड बनवतो, थोडं मोल्डिंगही करतो. गिऱ्हाईक बहुतेक गाड्यांचे सुटे भाग करणारे. डॅशबोर्डवरची बटणं, एसीचे नॉब, बेझल, झाकणं. दिवसभर प्लास्टिक बघायचं आणि रविवारी घरी प्लास्टिकच्या बाहुल्यांवरची धूळ ब्रशने झाडायची, याबद्दल आमच्या घरात जे बोललं जातं ते इथे छापण्यासारखं नाही. कपाटात यंत्रमानव आहेत, परग्रहवासी आहेत, अंतराळवीर आहेत. एकाही बाहुलीचं खोकं मी सीलबंद ठेवलेलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ त्या सीलमध्ये आहे.

गेल्या वर्षी या कपाटात एक कप्तान आली. एका जुन्या विज्ञानपटातली, अवकाशयानाची कप्तान, सहा इंची, किंमत साडेचार हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या जागी दुसरी कुठली असती तरी लेख हाच झाला असता.

खोकं उघडलं आणि आधी मी तिचा चेहरा बघितलाच नाही, बूट बघितले. ही माझी धंद्याची खोड. कुठलीही प्लास्टिकची वस्तू हातात आली की मी पहिल्यांदा पार्टिंग लाइन शोधतो, म्हणजे मोल्डचे दोन अर्धे जिथे मिटतात तिथे मालावर उमटणारी रेघ. कप्तानाच्या पायावर ती रेघ पँटच्या बाजूच्या शिवणीतच लपवली होती. बुटाच्या तळव्याला फ्लॅशचा, म्हणजे सांध्यातून बाहेर आलेल्या जादा प्लास्टिकचा, मागमूस नाही. गेट, म्हणजे प्लास्टिक मोल्डमध्ये जिथून शिरतं तो दांडा, कुठे तोडला ते भिंगाखाली शोधावं लागलं, सापडला तो काखेत. कॉलरवरची उभी शिलाई, पट्ट्याच्या बकलवरचं खडबडीत टेक्स्चर, हातमोज्याला मनगटापाशी पडलेल्या चुण्या. हा मोल्ड ज्याने कापला त्या टूलमेकरला मी जागेवर उभं राहून नमस्कार करीन. असं काम करायला महिने लागतात, आणि त्यातले निम्मे दिवस तर कोणाला दिसूच नये अशा गोष्टींवर जातात.

मग मी चेहरा बघितला. कप्तान एकाच वेळी माझ्याकडे आणि माझ्या मागच्या फ्रिजकडे बघत होती.

उजवा डोळा ठीक. डाव्या डोळ्याचं बुबुळ वर आणि नाकाच्या बाजूला सरकलेलं, इतकं की खाली पांढऱ्याची कोर राहिलेली. ओठांचा रंग कोरलेल्या ओठाच्या बाहेर. भुवई मात्र जागच्या जागी, त्यामुळे डोळा आणखीच चुकलेला दिसत होता. व्हर्निअर लावून मोजलं तर बुबुळ साधारण अर्धा मिलिमीटर हललं होतं.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काय हे वाचकाला उगाचच बारीकसारीक वाटेल, म्हणून गणित मांडतो. सहा इंची बाहुली एकास बारा प्रमाणात असते, सहा गुणिले बारा म्हणजे बहात्तर इंच, सहा फूट. माणसाच्या डोळ्यातलं बुबुळ साधारण बारा मिलिमीटर रुंद. बाहुलीत ते होतं एक मिलिमीटर. तेव्हा अर्धा मिलिमीटर चूक म्हणजे अर्धं बुबुळ. जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर सहा मिलिमीटर. रस्त्यात असा माणूस भेटला तर आपण पत्ता विचारताना कोणत्या डोळ्याकडे बघायचं या विचारात पडू.

हा डोळा काढतात कसा, तर पॅड प्रिंटिंगने. पोलादी प्लेटवर नक्षी कोरलेली असते, तिच्यात शाई भरायची, सिलिकॉनचा मऊ गोळा तिच्यावर दाबून शाई उचलायची आणि ती मालावर टेकवायची. गोळा मऊ असल्यामुळे गोल, खड्डेवाल्या पृष्ठभागावरही छाप बसतो. डोळ्याला पांढरा एकदा, बुबुळाचा रंग एकदा, मधला काळा गोल एकदा, वर चमकेचा ठिपका हवा असेल तर आणखी एकदा. प्रत्येक वेळी मुंडकं जिगमध्ये, म्हणजे ते धरून ठेवणाऱ्या खाचेत, त्याच जागी, त्याच कोनात बसलं पाहिजे. आणि गोची अशी, की अंग कडक प्लास्टिकचं असलं तरी मुंडकं बहुतेक मऊ पीव्हीसीचं असतं. मऊ असल्याने केसांच्या बटांखालच्या आडव्या खाचा मोल्डमधून ओढून काढता येतात. पण मऊ पीव्हीसी मोल्डमधून निघाल्यावरही आकसत राहतं. थंड व्हायला पूर्ण वेळ दिला तर सगळी मुंडकी सारखी आकसतात. सायकल टाइम वाचवायला तो वेळ कापला, तर सकाळचं मुंडकं आणि दुपारचं मुंडकं यांच्या मापात फरक पडतो. जिग मात्र तेच.

पिंपरीत माझा एक पॅड प्रिंटिंगवाला मित्र आहे, आमचे नॉब त्याच्याकडेच जातात. मी कप्तानाचं मुंडकं खिशातून काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, मुंडकं अंगठ्याने दाबून बघितलं आणि म्हणाला, “शेठ, गरम असताना मारलंय. नाहीतर जिग ढिलं. दोन्हींपैकी काय, ते मला लॉट दाखवा, सांगतो.”

“लॉट कुठला? एकच पीस आहे.”

“एकच घेतला? मग कितीचा?”

मी किंमत सांगितली. त्याने मुंडकं परत माझ्या हातात दिलं आणि चहा मागवला.

त्याच्याच शेजारच्या टेबलावर आमच्या नॉबचा ट्रे होता. गाडीच्या एसीचा गोल नॉब, त्यावर पंख्याचं पांढरं चिन्ह. तंत्र तेच, प्लेट, शाई, सिलिकॉनचा गोळा. या एका नॉबचे मला काही रुपये मिळतात. त्या पंख्याचं चिन्ह अर्ध्या मिलिमीटरने तिरकं गेलं तर काय होतं हे मी भोगलेलं आहे. अख्खा लॉट परत येतो. डेबिट नोट येते. आठ-डी रिपोर्ट भरा, मूळ कारण लिहा, पुन्हा होणार नाही यासाठी काय केलंत ते फोटोसकट लिहा. वर गिऱ्हाइकाच्या प्लांटवर सॉर्टिंगला आपला माणूस पाठवा, त्याचा जेवणखाण-प्रवास आपला. रोज सकाळी पहिला पीस मंजूर झाल्याशिवाय मशिन पुढे जात नाही. हे सगळं एका पंख्यासाठी, जो ड्रायव्हर आयुष्यात एकदाही नीट बघणार नाही.

आणि ज्याच्याकडे बघण्यासाठीच माणूस साडेचार हजार मोजतो, तो चेहरा तसाच खोक्यात जातो.

याचं कारण तंत्रज्ञान नाही, हे त्या दोन टेबलांवरून मला दिसलं. नॉब घेणारा माल परत करतो. बाहुली घेणारा करत नाही. सगळी गोम इथे आहे.

खर्चाचा हिशोबही सांगायला हवा. मोल्ड महाग असतो, पण तो एकदाच कापायचा. लाख पीस काढले तर त्याची किंमत लाखांत वाटली जाते. रंगकाम तसं नाही, ते प्रत्येक पिसाला नव्याने लागतं, कुणाच्या तरी हाताने. म्हणून खेळण्यांच्या कंपन्या एका बाहुलीवर रंगाची किती ऑपरेशन्स परवडतील हे आधी ठरवतात आणि मग तिच्या पट्ट्याचं बकल चांदीचं ठेवायचं की तसंच काळं सोडायचं यावर बैठका होतात. त्यामुळेच जाहिरातीतला नमुना आणि हातात पडलेला माल यांच्यात शिल्पाचा फरक नसतो, रंगाचा असतो. जाहिरातीसाठी हाताने, निवांत रंगवलेला पीस वापरतात. चीन किंवा व्हिएतनामच्या कारखान्यात बसलेल्या मुलीला त्या कामासाठी किती सेकंद मिळतात हे तिच्या हातात नसतं, तेव्हा तिला बोल लावण्यात अर्थ नाही. मी तिच्या जागी असतो तर डोळा कपाळावर गेला असता.

कोणी म्हणेल, अरे, खेळणंच आहे की शेवटी. मान्य आहे, खेळण्याच्या भावात द्या. आमच्या पिढीने हे वेड दूरदर्शनवरच्या हीमॅनपासून आणि फनस्कूलच्या जी.आय. जोपासून उचललं. फनस्कूलचा कारखाना गोव्यात, साचे अमेरिकेतल्या हॅस्ब्रोचे, रंग मात्र इथल्या मनाचे. अमेरिकेतल्या मूळ सैनिकाशी इथल्याचा गणवेश जुळेलच असं नाही. तरी त्या बाहुलीच्या पाठीत एक स्क्रू होता. तो काढला की धड उघडायचं आणि आत एक काळी रबरी रिंग दिसायची. पाय आणि धड तीच धरून ठेवायची, आणि तुटायची तीच. बदलली की सैनिक पुन्हा ड्युटीवर. आजही माझ्या शॉपवर न्यूमॅटिक सिलिंडरच्या सील किटमध्ये जवळपास त्या मापाची ओ-रिंग निघते, मी दोघातिघांच्या सैनिकांना बसवून दिली आहे. गंमत म्हणजे त्या विचित्र रंगांसाठीच परदेशातले संग्राहक आता भारतीय जी.आय. जो शोधत असतात. तो माल कोणी संग्राह्य म्हणून विकला नव्हता. पोरांनी मातीत पुरला, गच्चीवरून फेकला, बंबात वितळवला आणि मग जो उरला तो संग्राह्य झाला.

‘स्टार वॉर्स’चंही हेच झालं. १९७८ साली आलेल्या पावणेचार इंची बाहुल्या आज महाग आहेत, कारण त्या वेळच्या पोरांनी त्यांचा फडशा पाडला. हे लक्षात आल्यावर मोठी माणसं शहाणी झाली आणि तिथून घोटाळा सुरू झाला. १९९५मध्ये केनर या खेळण्यांच्या कंपनीने ‘स्टार वॉर्स’च्या बाहुल्या पुन्हा काढल्या तेव्हा नायक सगळे तालमीतून आल्यासारखे, ल्यूकच्या छातीवर वाटी पालथी घालावी असे स्नायू. राजकन्या लेयाचा चेहरा तर असा, की चाहते आजही तिला माकडतोंडी म्हणतात. आणि तरीही लोकांनी त्या ढिगाने घेतल्या, एक उघडायला, एक सीलबंद ठेवायला, जमलं तर तिसरी मुलाच्या शिक्षणासाठी. आज त्या सीलबंद बाहुल्या कोणी विकायला काढल्या तर शिक्षण राहू दे, वह्यांचे पैसे सुटले तरी पुष्कळ. सगळ्यांनीच जपून ठेवल्यावर दुर्मीळ काय राहणार?

दुसऱ्या टोकाला प्लेमेट्स ही कंपनी. त्यांनी ‘स्टार ट्रेक’च्या बाहुल्यांची लांबलचक मालिका काढली, प्रत्येकीच्या तळपायावर नंबर छापला, लोकांनी वर्षानुवर्षं इमानाने एकेक घेतली. आणि १९९६च्या सुमारास त्यांनी ‘टॅपेस्ट्री’ या भागातला कॅप्टन पिकार्ड काढला तो फक्त १७०१ नग. मालिकेतल्या यानाचा नंबर एनसीसी-१७०१, म्हणून १७०१. विनोद चांगला होता, पण ज्यांनी सगळा संच जमवला होता त्यांच्या कपाटात कायमचं भोक पडलं. ही मालातली खोट नव्हे, हे मला कळतं. पण ज्या गिऱ्हाइकाला आपण असं खेळवू शकतो, त्याच्या डोळ्याच्या अर्ध्या मिलिमीटरची फिकीर कोण करणार?

एका निराशेबद्दल मात्र मला आदर आहे. तीही केनरचीच, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी.

सिनसिनाटीच्या या कंपनीने १९७७च्या नाताळात, माल तयार नसताना, पुठ्ठ्याचं रिकामं पाकीट विकलं होतं. आत प्रमाणपत्र. ते पोस्टाने पाठवायचं आणि चार बाहुल्यांची वाट बघायची. पोरांना रिकामा पुठ्ठा हातात देणं सोपं नाही, पण पुढच्या वर्षी बाहुल्या आल्या. मग १९७९मध्ये त्यांनी बोबा फेटची योजना काढली. ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ अजून यायचा होता, त्यातला हा शिरस्त्राणवाला शिकारी मोठ्या पडद्यावर कोणी बघितला नव्हता. चार बाहुल्यांच्या पुठ्ठ्यांवरच्या खरेदीच्या खुणा कापून पाठवायच्या, की बोबा फेट फुकट. जाहिरातीत त्याच्या पाठीवरून स्प्रिंगने रॉकेट सुटायचं.

त्याच सुमारास, १९७८च्या अखेरीस, मॅटेलच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’तल्या यानातून उडणारं असंच छोटं क्षेपणास्त्र एका लहान मुलाच्या घशात अडकलं आणि तो दगावला. केनरने रॉकेट सुटण्याची सोय काढून टाकली. पोरांच्या घरी जो बोबा फेट पोचला, त्याचं रॉकेट पाठीला पक्कं चिकटवलेलं होतं.

कल्पना करा, महिनोन्महिने पोस्टमनची वाट बघितलेला आठ-नऊ वर्षांचा पोरगा खोकं फोडतो आणि रॉकेट ओढून बघतो. पण त्या खोक्यात एक चिठ्ठीही होती. मूळ रचनेत रॉकेट सुटणार होतं, सुरक्षिततेसाठी ते काढलं आहे, आणि माल पसंत नसेल तर तुमची तक्रार लिहून परत पाठवा, बदल्यात आमच्या ‘स्टार वॉर्स’च्या बाहुल्यांपैकी तुम्हाला हवी ती देऊ. असा त्या चिठ्ठीचा आशय. आम्ही काय कबूल केलं होतं, काय बदललं, का बदललं, आणि आता तुम्ही काय करू शकता. आमच्या आठ-डी रिपोर्टमध्येही याहून जास्त काही नसतं, फक्त पानं जास्त असतात. जी कंपनी आठ वर्षांच्या पोराला हे लिहू शकत होती, तिच्या धंद्यातले वारस पन्नाशीच्या माणसाला लिहीत नाहीत.

(रॉकेट सुटणारे जे थोडे नमुने कारखान्यात झाले होते, त्यातला एक २०२४मध्ये अमेरिकेत लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेला. पोरांपर्यंत जे पोचलं नाही त्याला मोठ्यांनी घराची किंमत दिली. यावर माझ्याकडे भाष्य नाही.)

कंपन्या काहीच सुधारत नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. हॅस्ब्रोने २०१३मध्ये ‘ब्लॅक सिरीज’ या नावाने ‘स्टार वॉर्स’ची सहा इंची मालिका काढली. संग्राहकांसाठीच. सुरुवातीचे चेहरे, विशेषतः शिरस्त्राण नसलेल्या माणसांचे, बघवत नाहीत. डोळे भकास, भुवया कोळशाने काढल्यासारख्या. मग काही वर्षांनी त्यांनी चेहरा बारीक ठिपक्यांनी छापायचं तंत्र आणलं. जपानच्या बांदाईने त्याआधीच असं तंत्र वापरलं होतं. फरक जमीन-अस्मानाचा. बाहुलीला माणसाची कातडी आली, नजर आली. मी खूश होतो. पण २०१९पासून तीच जुनी पात्रं नव्या चेहऱ्याने पुन्हा विक्रीला यायला लागली, ‘आर्काइव्ह’ नावाने, नव्या पैशांत. आमच्याकडे नॉबचा छाप सुधारला म्हणून मी गिऱ्हाइकाला जुन्या लॉटच्या जागी नवा लॉट विकत घ्यायला लावला, तर ते मला गेटवरूनच परत पाठवतील. इथे लोकांनी दोन्ही घेतल्या आणि दोन्हींचे फोटो शेजारी-शेजारी ठेवले.

खोक्यांचंही तसंच. खिडकीवाल्या खोक्यात निदान माल दिसायचा. अमेरिकेतला संग्राहक दुकानात चार-पाच खोकी हातात घेऊन सगळ्यात कमी तिरका चेहरा निवडायचा, म्हणजे तपासणीचं काम कंपनीऐवजी गिऱ्हाईक करत होता, फुकटात. मग हॅस्ब्रोने पॅकिंगमधलं प्लास्टिक कमी करायचं म्हणून खिडक्याच काढल्या. हेतू चांगला असेलही. पण प्लास्टिकच्या बाहुलीला पुठ्ठ्यात बंद करून पर्यावरण वाचवायचं आणि त्याच फटक्यात गिऱ्हाइकाचे डोळे बांधायचे, यातला योगायोग मला जरा जास्तच सोयीचा वाटतो. ओरड झाली, आणि २०२३मध्ये खिडक्या परत आणायचं जाहीर झालं, या वेळी वेगळ्या जातीच्या प्लास्टिकच्या. तेव्हा ओरडलं की ऐकू जातं, हेही खरं.

आपल्याकडे खिडकीचा तसा फारसा उपयोग नव्हताच. पुण्यात कुठल्या दुकानात पाच कप्तान ओळीने उभ्या आहेत आणि मी निवडतो आहे, असं होत नाही. माल ऑनलाइन येतो किंवा मुंबईतल्या एखाद्या विक्रेत्याकडून कुरिअरने, आणि जो चेहरा नशिबात असेल तो. वर आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३मध्ये ७०. मोल्डवाला म्हणून मी त्याच्या विरोधात नाही, इथल्या कारखान्यांना त्यातून काम मिळालं तर मला हवंच आहे. गिऱ्हाईक म्हणून एवढंच म्हणतो, की तिकडे वीस-पंचवीस डॉलरचा माल तिरका निघाला तर माणूस चरफडतो आणि विसरतो, इथे तोच माल दारात येईपर्यंत दुचाकीच्या हप्त्याएवढा झालेला असतो. परत पाठवायचा तर कुठे? ज्या देशातून आला तिथलं कुरिअर बाहुलीहून महाग.

संग्राहकांच्या एका गटात मी कप्तानाचा फोटो टाकला होता. वाटलं, चार लोक म्हणतील, परत करा. उत्तरं आली ती अशी. एकाने लिहिलं, ‘दादा, लांब ठेवलं की कळत नाही.’ एकाने सांगितलं की असा चुकलेला पीस पुढे दुर्मीळ ठरू शकतो, जपून ठेवा. एकाने बारीक ब्रशने बुबुळ पुन्हा रंगवायची पद्धत पाठवली, आणि ती खरोखर चांगली होती. एकाने विचारलं, तुम्ही खोकं उघडलंच का? परत करा म्हणणारा एकही नाही. ही सगळी भली माणसं आहेत, एकमेकांना सुटे हात, पिस्तुलं, हेल्मेटं पदरमोड करून पाठवणारी. पण कारखान्याच्या रिजेक्शनचं काम आपण अंगावर घेतलं आहे हे त्यांच्या ध्यानात येत नाही. चुकलेला माल आपण लांबून बघतो, रंगवतो, किंवा त्याचं सील न फोडता त्याला गुंतवणूक म्हणतो. मग कारखान्यात थंड व्हायचा वेळ कोण वाढवेल? कशासाठी?

माझी मागणी फार नाही. डोळा हाताने रंगवा म्हणत नाही, बाहुली स्वस्त करा असंही म्हणत नाही. खोक्यावर ‘संग्राहकांसाठी’ लिहिलं असेल तर चेहरा तपासून पाठवा, आणि चुकला तर फक्त मुंडकं बदलून द्या. सहा इंची बाहुलीचं मुंडकं बहुतेक वेळा मानेच्या गोळ्यावर नुसतं दाबून बसवलेलं असतं, किंचित गरम केलं की निघतं. पाकिटात मावतं, वजन काही ग्रॅम. माझ्या गिऱ्हाइकाने मला याहून अवघड गोष्टी करायला लावल्या आहेत आणि मी तोंड वर न करता केल्या आहेत.

मागच्या महिन्यात एका यंत्रमानवाच्या बरोबरीने येणारी तंत्रज्ञ बाई हवी होती, पुन्हा मानवी चेहरा, पुन्हा बंद पुठ्ठ्याचं खोकं. मुंबईच्या विक्रेत्याला मेसेज केला, की पाठवण्याआधी चेहऱ्याचा फोटो टाका.

“सर, सील फोडावं लागेल,” त्याने लिहिलं.

“फोडा.”

“फोडलेला पीस मग कोण घेणार?”

“चेहरा नीट असेल तर मी. नसेल तर ज्याने बनवला तो.”

बराच वेळ तो काहीतरी टाइप करत असल्याचं दिसत राहिलं. शेवटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारं एक पिवळं तोंड आलं, आणि त्याखाली त्याचा यूपीआय नंबर.